काकीचा गाल आणि माझा आरएनए

माझ्या गळ्यात आजवर एकदाच स्टेथोस्कोप पडला, आणि तोही आमच्या गावच्या क्रीडा मंडळाने फ्लेक्सवर घातलेला. मूळ फोटो एका नातेवाइकाच्या साखरपुड्यातला होता. फ्लेक्सवाल्याने माझ्या साडीवर पांढरा कोट चढवला, मागे निळ्या रंगाची डीएनएची शिडी उभी केली आणि माझा रंग चांगला उजळून काढला. खाली लिहिलं होतं, ‘कॅन्सरवरील औषधाच्या संशोधिका, आपल्या गावची शान’. त्याखाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. त्यांतल्या बहुतेकांनी काळे गॉगल लावलेले होते, जणू माझ्या तेजाने डोळे दिपतील अशी भीती होती.

आमचं गाव उरणच्या पुढे. बाबा मिठागरात मीठ ओढायचे. मिठागरं भरावाखाली गेली, वर कंटेनर आले, आणि बाबा त्याच जागेवर एका यार्डाच्या गेटवर खुर्ची टाकून बसू लागले. घरात पदवी घेतलेली मी पहिली. जिल्हा परिषदेच्या शाळेत आमच्या विज्ञानाच्या बाईंनी पेशीची आकृती फळ्यावर काढली तेव्हा खडू संपला म्हणून केंद्रक विटेच्या तुकड्याने रंगवलं होतं. मला अजूनही केंद्रक लालच वाटतं. त्या बाईंचे उपकार मी विसरलेले नाही, शिष्यवृत्तीचे नाही, गावाचेही नाही. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे मी गावाबद्दल आणि विज्ञानाबद्दल जे बोलणार आहे ते ऐकून कुणी मला कृतघ्न म्हणायला नको.

सत्कार झाला टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धेत. आमच्याकडे थंडीत प्रत्येक गाव स्पर्धा भरवतं, आणि करंडक असा असतो की तो उचलायला खेळाडू कमी पडतात. उपांत्य सामना झाला की खेळपट्टीवर पाणी मारून रोलर फिरवतात. तेवढ्या रिकाम्या वेळात गावातल्या गुणवंतांना उरकून घेतात. समालोचकाने लय न सोडता माईकवर सुरू केलं, “आनी आता मैदानात उतरतेय आपल्या गावची कन्या! समोर कॅन्सरसारखा फास्ट बॉलर! पन ताई त्याला मिडविकेटच्या बाहेर, पार खाडीत भिरकावनार म्हंजे भिरकावनार!”

मंडळाच्या अध्यक्षांनी शाल घातली. जमिनीच्या मोबदल्यातून त्यांनी ट्रेलर घेतले आणि ट्रेलरांतून अध्यक्षपद. ते म्हणाले, “आरएनए म्हंजे काय ते आपल्या गावाला सांगायला नको. कोरोनात नाकात काडी घालून सगल्यांनी करून घेतलेला हाय.” टाळ्या पडल्या. मी दोन शब्द बोलायला माईक मागितला, पण खेळपट्टी तयार झाली होती.

हे ‘औषध’ आलं कुठून, ते सांगते. मी नवी मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत तोंडाच्या कॅन्सरच्या पेशींवर काम करते. आमच्या विषयातल्या प्रत्येक लेखाचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं, जसा लग्नपत्रिकेवर गणपती ठरलेला असतो: हा रेणू भविष्यात उपचाराचं लक्ष्य ठरू शकेल. त्या वाक्याशिवाय लेख छापून येत नाही आणि पुढचं अनुदान मिळत नाही. ते लिहिणाऱ्याचा त्यावर जेवढा विश्वास असतो तेवढाच वाचणाऱ्याचा असतो, म्हणून कुणाचं नुकसान होत नाही. पण आमच्या सरांनी ते वाक्य एका बातमीदाराला ऐकवलं. बातमीदाराने त्यातली शंका जागेअभावी कापली. बातमी अध्यक्षांच्या मोबाईलवर पोचली तोवर औषध तयार होतं, फक्त बाटलीत भरायचं राहिलं होतं.

आता माझं खरं काम. शाळेत शिकवतात तसं, डीएनएत कृती लिहिलेली असते, आरएनए ती उतरवून नेतो आणि त्यावरून प्रथिनं बनतात. पेशीतलं सगळं काम ही प्रथिनं करतात. पण पेशीत असे असंख्य आरएनए सापडले की ज्यांच्यावरून कुठलंच प्रथिन बनत नाही. पुष्कळ वर्षं शास्त्रज्ञांनी त्यांना कचरा मानलं. मग कळलं की ते काही बनवत नसले तरी कुणाला काय बनवू द्यायचं हे मात्र ठरवतात. काही अगदी आखूड असतात, ते दुसऱ्याच्या निरोपावर जाऊन बसतात आणि तो निरोप दाबून टाकतात. काही लांबलचक असतात, ते या आखूडांना स्पंजासारखे शोषून घेतात, म्हणजे दाबलेला निरोप पुन्हा मोकळा. पेशीच्या आवरणापाशी बाहेरून ‘वाढ’ असा हुकूम येतो, तो एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती देत केंद्रकापर्यंत पोचवला जातो. निरोगी पेशीत तो हुकूम वेळेवर थांबतो. कॅन्सरमध्ये थांबवणारेच गप्प होतात, आणि हुकूम कुणी दिलेला नसतानाही आत ‘वाढ, वाढ’ चालू राहतं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमची गावकी आठवली. स्वतः काही न पिकवणारी, न बनवणारी, पण जिच्या होकाराशिवाय गावात एक खड्डा बुजत नाही अशी माणसं मी लहानपणापासून पाहिलेली. शहरातल्या माझ्या सोबत्यांना या विषयाचं नवल वाटायचं. मला वाटलं नाही.

आमचा रेणू लांबलचक जातीचा होता. तो गप्प केला की बशीतल्या कॅन्सरच्या पेशी वाढायच्या थांबत. यावर आमचा लेख होता, आलेख होते, आणि सगळ्यांतून सगळ्यांकडे जाणारे बाण असलेलं एक रंगीत चित्र होतं. एका परिषदेत ते दाखवल्यावर एका मोठ्या माणसाने ‘सुंदर’ म्हटलं होतं. खरी गोष्ट ही की बशीतल्या पेशी कशानेही मरतात. इन्क्युबेटरचं दार नीट लागलं नाही तर मरतात. आमच्याकडे एकदा वीज गेल्याने जेवढा कॅन्सर बरा झाला, तेवढा माझ्या सगळ्या संशोधनाने झालेला नाही.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओटीवर चहा घेत होते. काकी आली. काकी म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको, शेजारच्याच घरात राहणारी, आणि आमच्या पंचक्रोशीतली धवलारीण. आमच्याकडे लग्नात धवलारीण गायल्याशिवाय पान हलत नाही. मांडव, हळद, तेल, पाणी, एकेक विधी ती धवला गाऊन पुढे नेते. भटजी येतात, पण नवरानवरीला बसवायचं कुणी आणि उठवायचं कुणी ते धवलारणीचा आवाज सांगतो. काकीचा आवाज घोगरा आणि रुंद होता. डीजेच्या भिंती लागायच्या आधी तो दुसऱ्या पाड्यापर्यंत जायचा. आता डीजेवाला तिच्यासाठी थांबतो, आणि नाही थांबला तर शिव्या खातो.

माझ्यापुरतं सांगायचं तर, जिने पंचक्रोशीतल्या निम्म्या पोरी उजवल्या तिनेच माझं लग्न लांबवलं. बारावीनंतर स्थळं येऊ लागली तेव्हा ती प्रत्येक बैठकीला येऊन बसायची आणि म्हणायची, “ही पोर शिकतेय. हिच्या हलदीला मी आत्ताच गायाची न्हाय.” धवलारीणच गाणार नाही म्हटल्यावर पाहुणे चहा पिऊन जायचे. मी पुढे शिकले ते असं.

तर ती आली, माझ्यासमोर पाटावर बसली आणि म्हणाली, “तुझ्या त्या औषदाचा पयला गिऱ्हाईक मी.”

“कसलं औषध?”

“आता माझ्याशी बी मस्करी? त्या बोर्डावर लिवलंय त्ये.” तिने उन्हाकडे तोंड केलं आणि आ केला. आ पूर्ण झाला नाही. अर्ध्यावरच अडला. मी मोबाईलचा दिवा आत धरला. डाव्या गालाच्या आत पांढरट-लाल चट्टा होता आणि त्याच्या मधोमध कडा उचललेली जखम. मी अशा जखमांचे फोटो रोज पाहते. फोटोंना काकीचा वास नसतो, मशेरीचा आणि आबोलीचा.

“कधीपासून आहे हे?”

“दिवालीपासून. तिखट लागलं का आग होते. उरनच्या दातांच्या डॉक्टरानी बघितलं. बोलला, तुकडा काढून तपासायला लागंल. मी बोलली, तुकडा तुझ्या घरचा काढ. आमच्या घरातच डॉक्टर हाय.”

काका मागून आले. काका ट्रेलरवर चालक आहेत, देशभर फिरतात आणि वाटेतल्या प्रत्येक धाब्यावरून एकेक वैद्यकीय सत्य घेऊन येतात. “तुकडा काढायचा न्हाय,” ते म्हणाले. “लोखंड लागलं का पसरतं. माझ्या गाडीवरच्या किलीनरचा सासरा असाच गेला. तुकडा काढला आनी गेला.”

“काका, त्याचा कॅन्सर आधीच पसरला असेल. तुकडा काढल्याने पसरत नाही.”

“मंग तुकडा काढायच्या आधी कसा जिता व्हता?”

या युक्तिवादाला उत्तर देण्याएवढं माझं शिक्षण झालेलं नाही. मी काकीकडे वळले. म्हटलं, हिला नीट समजावून सांगावं. मी शिकलेली आहे, आपल्या भाषेत सांगता येणं हीच शिक्षणाची कसोटी असते असं मी निबंधात लिहिलेलं होतं. आणि मी समजावलं. सांगताना मला चढत गेलं. पेशीला हुकूम कसा येतो, हातोहात आत कसा जातो, हुकूम थांबवणारे छोटे आरएनए कसे असतात, आणि एक लांबलचक लबाड आरएनए त्यांना कसा शोषून घेतो. काकी डोळे न हलवता ऐकत होती. माझ्या शोधप्रबंधाच्या परीक्षकांनीही इतकं लक्ष दिलं नव्हतं.

“म्हंजे ह्यो लांबडा सोता काय बनवत न्हाय?”

“काही नाही.”

“आनी बाकीच्यांना गप बसवतो.”

“हो.”

“अध्यक्षच की गो हा!” ती हसली आणि गालाला हात लावून थांबली. “मंग त्या लांबड्यालाच गप केला तर?”

“तेच तर आम्ही करतो. बशीत केलंय. पेशी वाढायच्या थांबतात.”

“बघ!” काकीने काकांकडे पाहिलं. “थांबतात. ऐकलंस? उगाच गाल कापून कशाला घेऊ? बाय, तू तुझं काम कर. मी थांबते.”

मी जितकं चांगलं समजावलं तितका तिचा माझ्या औषधावरचा विश्वास वाढला. ‘बशीत’ हा शब्द तिने ऐकलाच नाही. परिषदेतल्या लोकांनाही तो कधी ऐकू येत नाही, मग तिला दोष कसा द्यावा?

सोमवारी मी सरांना सांगितलं. आमचे सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला लॅबमध्ये घेतलं तेव्हा माझं इंग्रजी ऐकूनही घेतलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. ते ऐकून हळहळले. मग त्यांचे डोळे चमकले.

“मशेरीची केस? अजून काहीच ट्रीटमेंट घेतलेली नाही?”

“नाही सर.”

“काहीच नाही? रेडिएशन, केमो?”

“सर, ती अजून बायोप्सीला तयार नाही.”

“अरे, अशी अनट्रीटेड केस मिळत नाही!” मग माझा चेहरा पाहून त्यांना आपण काय बोललो ते कळलं असावं. त्यांनी घसा साफ केला, एका शल्यचिकित्सक मित्राला फोन लावला आणि तिला कधीही घेऊन ये, ते बघतील, असं सांगितलं. जाता जाता दारातून म्हणाले, “लॅबसाठी टिश्यूचं मात्र लक्षात ठेव.”

आता डॉक्टर होता, वेळ मिळत होती, फक्त काकी मिळत नव्हती. लग्नसराई सुरू झालेली. तिच्या सगळ्या तारखांची बोलणी झालेली होती. मी दर शनिवारी गावी जायची आणि दर शनिवारी तिच्या तोंडात दिवा धरायची. चट्टा पसरत होता. ती आता मच्छीचं कालवण बाजूला सारून भात पेजेत कालवून खायची. गाताना वरच्या सुराला मान वाकडी करायची, म्हणजे गाल कमी ताणला जाईल. बायांना वाटायचं, धवलारीण रंगात आलीय.

मी म्हणायची, “चल.” ती म्हणायची, “तुझं कवापर्यंत व्हतंय?” जणू मी गॅसवर भात लावून आले होते.

मी गावातल्या वजनदार माणसांकरवी सांगून पाहिलं. त्याने काय झालं? प्रत्येकाने ‘हो हो, सांगतो’ म्हटलं, आणि प्रत्येकाने तिला जाऊन सांगितलं, “घरची डॉक्टर असताना तुला काय भ्या?” दातांचा डॉक्टर एकदाच, स्पष्ट बोलला होता: तुकडा तपासा. ते वाक्य उरणपासून आमच्या गावापर्यंत येईतो एकाने त्यावर बूड टेकलं, दुसऱ्याने ते पिऊन टाकलं, आणि तिसऱ्याने त्याच्या जागी आपलं सोडलं. मी हेच सगळं बाणांनी काढून पदवी मिळवली होती. बाण काढता आले म्हणून थांबवता येतं असं नसतं.

बाबांनाही बोलले. बाबा म्हणाले, “फ्लेक्स लागल्यापासून यार्डातले साहेब मला खुर्चीवरून उठायला सांगत नाहीत.” तेवढ्यावरून मला कळलं की मी खोटी ठरले तर कुणाकुणाला उभं राहावं लागणार आहे.

मग अध्यक्षांच्या मुलाची हळद आली. मांडव असा की त्यात दोन ट्रेलर उभे राहतील. अंगठ्या घातलेली माणसं, बिर्याणीचा घमघमाट, डीजेची भिंत, आणि मधे पाटावर नवरा पिवळाधमक. काकी त्याच्या शेजारी गात बसली होती. तिच्या आवाजात एक चिरका धागा आला होता. तेल लावून झालं, आणि अध्यक्षांनी कुणी मोठे पाहुणे आले म्हणून सगळंच थांबवलं. पाहुण्यांना दाखवण्यासारख्या वस्तूंमध्ये मी होते. त्यांनी मला हाताला धरून पुढे आणलं. “साहेब, ह्या आमच्या ताई. कॅन्सरचा औषद यांनीच काढला. ताई, साहेबांना दोन शब्द.” आणि माझ्या हातात माईक.

मी काकीकडे पाहिलं. ती अभिमानाने माझ्याकडे बघत होती आणि पदराच्या टोकाने डाव्या ओठाची कड टिपत होती. टिपलेल्या जागी पदर लाल झाला.

मी म्हटलं, “माझ्याकडे औषध नाही.” माईक चांगला होता, आवाज खाडीपर्यंत गेला असेल. “मी औषध काढलेलं नाही. मी बशीतल्या पेशींवर काम करते. त्यातून औषध येईल की नाही मला माहीत नाही. आलं तरी आज ज्याच्या तोंडात जखम आहे त्याच्या कामाचं नाही. ज्याची जखम भरत नाही त्याने तुकडा काढून तपासून घ्यावा. तपासल्याने पसरत नाही. थांबल्याने पसरतो.”

मांडव गार पडला. नवऱ्याच्या आईने त्याच्या कानांवर हात ठेवले. मागून एक म्हातारी म्हणाली, “हलदीत ह्ये काय मेलं अपशकुनी बोलनं!” बाबा बिर्याणीचं ताट हातात घेऊन उभे होते, ते तसेच राहिले.

पण अध्यक्ष कसलेले. त्यांनी हसत माझ्या हातातून माईक काढून घेतला. “बघितलं साहेब? ह्याला म्हनतात नम्रता! एवरा मोठा शोध लावला, पन म्हनतात मी काय केलाच न्हाय! ताईंसाठी जोरदार टाळ्या!” आणि टाळ्या पडल्या. मोठे पाहुणे मान हलवत म्हणाले, “वा, संस्कार आहेत.” डीजे सुरू झाला. मी जन्मात पहिल्यांदा गावाला खरं सांगितलं होतं, आणि गाव त्यावर नाचायला लागलं.

एकच बाई नाचत नव्हती. काकी पाटाशेजारी बसून माझ्याकडे बघत होती. मी सात महिन्यांची असल्यापासून तिने मला अंघोळ घातलीय. मी नम्र आहे की नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात दात घासत असताना ती आली आणि सरळ शिव्यांनीच सुरू केलं. त्या इथे लिहीत नाही. मग म्हणाली, “न्हाय व्हतं, तर मना आधी का न्हाय सांगितलंस?”

“काकी, मी दर शनिवारी सांगत होते!”

“तू मना लांबडा आरएनए सांगत व्हतीस. ‘न्हाय हाय’ ह्ये दोन शबुद कवा सांगितलंस? आनी मी येडी, बारा गावांत बोलत फिरली. आता बाया तोंडावर हसतील.” ती थांबली. गाल दुखत असावा. “तुझ्यात काय दम न्हाय म्हटल्यावर कुठं तरी जायालाच पायजे. कुठल्या डॉक्टराकडं नेतेस ने. पन काकाला सांग, तुकडा काढताना मेली तर पाप तुझ्या नावानं.”

अशी ती तयार झाली. माझ्या समजावण्याने नाही, रागाने. माझ्यावरचा विश्वास उडाल्यामुळे तिचा जीव वाचण्याची शक्यता निर्माण झाली, हे वाक्य मी कुठल्या लेखाच्या शेवटी लिहिणार?

तुकडा काढला. लोखंड लागलं, ती मेली नाही. काका दवाखान्याच्या बाहेर हे पुष्कळ वेळ तपासून पाहत राहिले. निष्कर्ष कॅन्सरचाच आला. डॉक्टर म्हणाले, अजून गालातच आहे, गळ्यातल्या गाठींपर्यंत गेलेला दिसत नाही, पण आणखी एक लग्नसराई काढली असती तर मी हे म्हटलं नसतं. शस्त्रक्रियेच्या आधी काकीने त्यांना विचारलं, “आवाज राहील का?”

“आवाज घशात असतो, गालात नाही. आवाज राहील. तोंड किती उघडेल ते सांगता येत नाही.”

“तोंड उघडलं न्हाय तर आवाज काय नाकानं काढू?” डॉक्टरांकडे याचं उत्तर नव्हतं, आणि त्यांनी तसं सांगितलं. काकीला तो माणूस एकदम पसंत पडला.

गालाचा आतला भाग काढला आणि मांडीची कातडी लावली. संशोधनासाठी थोडा भाग देणार का, असं तिथल्या बाईंनी विचारलं, तेव्हा काकी म्हणाली होती, “न्या. काढलेला गाल मी काय परत लावनार हाय?” तो आमच्याच लॅबमध्ये आला. नमुन्यावर नाव नसतं, पण त्या आठवड्यात मशेरीवाल्या गालाचा दुसरा नमुना आलाच नव्हता. मी हात धुतले, आरएनए काढला, मोजायला लावला आणि यंत्रासमोर बसून राहिले.

आमचा लांबडा त्यात जेमतेम होता. निरोगी पेशीत असतो तेवढाच. काकीच्या गालात ‘वाढ, वाढ’ चाललेलं होतं, पण ते करणारा आमचा रेणू नव्हता, दुसराच कुणीतरी होता. म्हणजे आमचं औषध खरोखर बाटलीत भरून तयार असतं आणि मी ते स्वतःच्या हाताने तिला पाजलं असतं, तरी तिला त्याचा उपयोग नव्हता. ती ज्यासाठी थांबली होती ते तिचं नव्हतंच.

सरांनी आलेख पाहिला. “आउटलायर आहे,” ते म्हणाले. “एकाने काही बिघडत नाही. बाकीचा ट्रेंड सुंदर आहे.” त्यांचं म्हणणं संख्याशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे. मी मान हलवली. नवा लेख निघाला आहे, त्याचं शेवटचं वाक्य लिहायचं काम माझ्याकडे आहे. मी ते अजून लिहिलेलं नाही. सर रोज विचारतात.

अध्यक्ष काकीला बघायला फळांची टोपली घेऊन आले होते. म्हणाले, “शेवटी ताईंनी वाचवलंच.” काकीला बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांचा गैरसमज कायम आहे.

आता किरणोपचार संपले आहेत. तिच्या दोन दातांच्या रांगांमधे सुरुवातीला बोटही जात नव्हतं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या दिल्या: त्यांची चळत दातांमध्ये धरायची, थोडा वेळ तसंच बसायचं, मग मधोमध आणखी एक काडी सरकवायची. काका ट्रेलरवर असतात, तेव्हा हे काम माझं. काल दुपारी ओटीवर बसून मी काड्या लावल्या. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी म्हटलं, “बास आजच्यापुरतं.” तिने नकारार्थी मान हलवली. शेजारच्या आळीत लग्नाच्या मांडवाचे बांबू टेम्पोतून उतरत होते, दुसऱ्याच गावची धवलारीण ठरली आहे म्हणे. काकी त्या आवाजाकडे कान लावून होती. नाकातून, काड्यांच्या फटीतून, काहीतरी गुणगुणली. सूर लागला नाही. तिने माझा हात धरून चळतीकडे नेला आणि बोटाने दाखवलं, अजून एक.